दारात अडलेली गाडी, चुकलेली बस : ओटावाच्या लाइट रेलचं प्रकरण

कॅनडाची राजधानी ओटावा इथे 14 सप्टेंबर 2019 ला, शनिवारी दुपारी, कॉन्फेडरेशन लाइन ही विजेवर चालणारी लाइट रेल लोकांसाठी खुली झाली. 12.5 किलोमीटरचा मार्ग, 13 स्थानकं आणि शहराच्या मध्यभागी जमिनीखालून अडीच किलोमीटरचा बोगदा. सुटीचा दिवस होता, लोक नुसते बसून बघायला आले. पुढचे तीन आठवडे जुन्या बसही सोबत धावत राहिल्या. ज्याला गाडी आवडली तो गाडीने गेला, ज्याला नाही त्याने नेहमीची बस धरली. 6 ऑक्टोबरला, रविवारी, ही समांतर बससेवा बंद झाली. सोमवारी सकाळी प्रवाशांपुढे दुसरा पर्याय उरला नव्हता, आणि त्याच आठवड्यात गाडीच्या दारांनी दगा दिला.

तिथून जे सुरू झालं ते तीन वर्षांनी न्यायमूर्तींच्या जाहीर चौकशीपर्यंत गेलं. हे प्रकरण सहसा यंत्रांच्या बिघाडाची कहाणी म्हणून सांगितलं जातं : अडलेली दारं, सपाट झालेली चाकं, रुळांवरून घसरलेले डबे. त्यात खोटं काहीच नाही. पण ते वाचताना मला वारंवार जाणवतं की ओटावाच्या लोकांचं मत गाडीत बसून बनलं नाही. ते बनलं गाडीतून उतरून बसची वाट बघताना. शहराचे अधिकारी गाडीचे आकडे मोजत राहिले आणि लोक आपला सगळा प्रवास मोजत राहिले. या दोन मोजण्यांमधलं अंतर कसं वाढत गेलं, ते इथे सविस्तर मांडतो आहे.

थेट बसची सवय

ओटावाला बसचं वेड जुनं आहे. 1983 पासून शहरात फक्त बससाठी राखलेले रस्ते आहेत. त्यांना ट्रान्झिटवे म्हणतात. उत्तर अमेरिकेत ज्या काळी शहरं मोटारींसाठी रस्ते रुंद करत होती, त्या काळी या शहराने बसला स्वतःचा रस्ता दिला. ओसी ट्रान्सपो ही महापालिकेची वाहतूक संस्था तो चालवते. या व्यवस्थेचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे उपनगरातली बस तुमच्या घराजवळच्या थांब्यावर यायची, गल्ल्यांमधून फिरून ट्रान्झिटवेला लागायची आणि तुम्हाला थेट कचेरीच्या दाराशी सोडायची. एकदा जागा मिळाली की उठायचं कारण नाही. शून्याखाली वीस अंशांच्या थंडीत, बाहेर बर्फ पडत असताना, ‘उठायचं कारण नाही’ याला केवढी किंमत असते हे त्या हवेत राहणाऱ्यालाच कळतं.

पण यशाचंच ओझं झालं. सगळ्या दिशांच्या बस शहराच्या मध्यभागी अल्बर्ट आणि स्लेटर या दोन रस्त्यांवर येऊन मिळायच्या. गर्दीच्या वेळी तिथे बसमागे बस, त्यामागे बस, अशी भिंत उभी राहायची. राखीव रस्ता शहराबाहेर होता, नेमक्या मध्यभागी तो नव्हता. आणखी बस आणून उपयोग नव्हता, कारण उभ्या करायला जागाच नव्हती. म्हणून बोगदा आणि म्हणून रेल्वे. हा निर्णय चुकीचा होता असं मला अजिबात वाटत नाही. ट्रान्झिटवे मध्यभागी तुंबला होता आणि त्यावर उपाय हवाच होता.

रेल्वेची वाट मात्र वाकडी झाली. 2001 मध्ये पाच स्थानकांची डिझेलवर चालणारी छोटी ओ-ट्रेन प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि लोकांना ती आवडली. पुढे उत्तर-दक्षिण विजेच्या रेल्वेचा मोठा करार झाला. 2006 च्या निवडणुकीनंतर महापालिकेच्या नव्या सभागृहाने तो मोडला आणि भरपाईपोटी शहराला काही कोटी डॉलर मोजावे लागले. त्यानंतर पूर्व-पश्चिम मार्ग आणि बोगदा हा आराखडा पुढे आला. सुमारे 2.1 अब्ज कॅनेडियन डॉलरचं हे काम रिडो ट्रान्झिट ग्रुप या खासगी कंपन्यांच्या गटाला मिळालं. बांधकाम त्यांचं, पैशाच्या उभारणीत वाटा त्यांचा आणि पुढची 30 वर्षं देखभालही त्यांचीच. गाड्या अल्स्टॉम कंपनीच्या सिटाडिस स्पिरिट जातीच्या. सिटाडिस हे मुळात ट्रामचं घराणं. ओटावाला मात्र तिने मेट्रोसारखं धावायला हवं होतं : वेगळा मार्ग, ताशी 100 किलोमीटरपर्यंतचा वेग, गर्दीच्या वेळी हजारो माणसं आणि कडाक्याची थंडी. या गाडीकडून तिच्या क्षमतेच्या कडेपर्यंत काम मागितलं गेलं, असं पुढे चौकशीतही नोंदवलं गेलं.

मार्ग बांधायचा तर ट्रान्झिटवेच खणायचा होता. नवी रेल्वे बऱ्याच ठिकाणी त्याच राखीव रस्त्यावरून जाते. त्यामुळे 2015 पासून टप्प्याटप्प्याने बस राखीव रस्त्यावरून हटवून सामान्य वाहतुकीत आणल्या गेल्या. वळसे वाढले, उशीर वाढला. जून 2016 मध्ये बोगद्याचं काम चालू असताना रिडो स्ट्रीटवर भलामोठा खड्डा पडला आणि एक उभी व्हॅन त्यात गेली. मे 2018 मध्ये पूर्ण मार्ग शहराच्या ताब्यात मिळायचा होता. ती तारीख हुकली, नंतरच्याही हुकत गेल्या. शेवटी ताबा मिळाला तो ऑगस्ट 2019 च्या अखेरीस.

ही चार-पाच वर्षं या प्रकरणात फार महत्त्वाची आहेत. तेवढ्या काळात बसप्रवाशाला एकच गोष्ट ऐकवली जात होती : थोडी कळ काढा, रेल्वे आली की सगळं सुरळीत होईल. लोकांनी कळ काढली. ती फुकट काढलेली नव्हती, रेल्वेच्या भरवशावर उधार दिलेली होती. फेब्रुवारी 2019 मध्ये काही नागरिक संघटनांनी नगरसेवकांना जाहीर आव्हान दिलं होतं की एक आठवडा बसनेच फिरून दाखवा. अनेकांनी ते स्वीकारलं, आणि चुकलेल्या बस, लांबलेली वाट, भरून पुढे गेलेली गाडी हे सगळं त्यांनी स्वतः पाहिलं. म्हणजे रेल्वे सुरू व्हायच्या सहा-सात महिने आधीच बसची अवस्था सभागृहाला कळलेली होती. त्याच जानेवारीत वेस्टबरो स्थानकावर दुमजली बस निवाऱ्यावर आदळून तीन प्रवाशांचा जीव गेला होता. शहर दुखावलेलं होतं आणि लोकांना चांगलं काहीतरी घडायला हवं होतं.

टनीज पाश्चरचा जिना

आता ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळचा हिशेब मांडू. पश्चिम टोकाचं स्थानक टनीज पाश्चर. रूळ रस्त्याच्या पातळीखाली, चरात आहेत आणि बसचे थांबे वर. मध्यभागातून सुटलेली, डब्यांचे दोन संच जोडून केलेली गाडी सुमारे 600 माणसं घेऊन येते. पूर्वी हीच 600 माणसं वेगवेगळ्या बसमध्ये विखुरलेली असायची. कुणी सव्वापाचच्या बसने जायचं, कुणी साडेपाचच्या. आता ती सगळी एकाच मिनिटाला उतरतात, जिन्याकडे वळतात, वर येतात आणि आपापल्या बसच्या रांगेत उभी राहतात. दोन भाग जोडलेल्या लांब बसमध्ये शंभरेक माणसं मावतात. म्हणजे एक गाडी रिकामी झाली की अशा सहा बस समोर उभ्या हव्यात, आणि काही मिनिटांनी पुढची गाडी येणारच आहे.

कागदावर हे जमत होतं. प्रत्यक्षात बस उपनगरातून वाहतुकीत अडकत येतात, त्या ठोक्यावर कशा येणार? बस चार मिनिटं उशिरा आली की तिच्यासाठी दोन गाड्यांची माणसं साचतात. भरलेल्या बसमध्ये चढायला वेळ लागतो म्हणून ती आणखी उशिरा सुटते आणि पुढच्या फेरीलाही उशीर होतो. थांब्यावरच्या गर्दीतून जिन्याकडे येणारी वाटही अडते. गाडी अगदी वेळेवर आली तरी माणूस घरी उशिरा पोचतो. त्या माणसाला विचारा की रेल्वे कशी आहे. तो रेल्वेबद्दल बोलणारच नाही, आपल्या बसबद्दल बोलेल.

थेट बस काढून त्यांच्या जागी फक्त रेल्वे स्थानकापर्यंत नेणाऱ्या बस आणण्याचा हा बदल अधिकाऱ्यांच्या नजरेत वेळापत्रकाचा होता. प्रवाशाच्या नजरेत तो रोजच्या जगण्याचा होता. पूर्वी एक बस होती. आता बस, गाडी आणि कित्येकांना पुन्हा बस. वाहतूक नियोजनात एक जुनी रीत आहे : थांब्यावर उभं राहून काढलेलं एक मिनिट माणसाला गाडीत बसून काढलेल्या सुमारे दोन मिनिटांएवढं वाटतं, असं धरायचं. शिवाय प्रत्येक बदलाचा वेगळा दंड धरायचा, कारण बदल म्हणजे उठणं, चालणं, जागा गमावणं आणि पुढची बस मिळेल का ही धाकधूक. नियोजनकारांना हे माहीत असतं. बोगद्यातून वाचलेली मिनिटं वर जिन्यापाशी दुप्पट दराने वळती होतात हे गणित त्यांच्याच शास्त्रातलं आहे.

आणखी एक साधं गणित इथे मांडतो. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा तुमच्या प्रवासात तीन टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा 10 पैकी 9 वेळा ठरल्याप्रमाणे होतो. ऐकायला हे उत्तम वाटतं. पण तिन्ही टप्पे एकाच दिवशी ठरल्याप्रमाणे होण्याची शक्यता 0.9 चा तीनदा गुणाकार, म्हणजे जवळपास 73 टक्के. दर चौथ्या दिवशी कुठेतरी घोळ. संस्थेच्या अहवालात सगळीकडे 90 टक्के दिसेल आणि घरातलं माणूस म्हणेल, ‘रोजच उशीर होतो.’ दोघंही खरं बोलत असतील.

त्यात बसचा ताफा आणि चालक कमी करणं रेल्वेच्या आर्थिक गणितात आधीच धरलेलं होतं. रेल्वे आली की एवढ्या बस लागणार नाहीत, हा बचतीचा हिशेब. त्यामुळे गाडी बंद पडली की मदतीला पाठवायच्या बस नेहमीच्या मार्गांवरून उपसाव्या लागायच्या, आणि ज्यांचा रेल्वेशी काही संबंध नाही त्यांचीही बस रद्द व्हायची. लोकांचा संताप पाहून नोव्हेंबरमध्ये सभागृहाने जादा बससाठी 35 लाख डॉलर मंजूर केले. रेल्वे सुरू होऊन दोन महिने झाले आणि शहर बस परत आणण्यासाठी पैसे काढत होतं.

एक दार

दारांची गोष्ट थोडी जवळून पाहायला हवी, कारण सुरुवातीच्या रागाचं बोट तिथे होतं आणि अधिकाऱ्यांनी पहिला दोष प्रवाशांना दिला तोही तिथेच.

बस सुटत असली तर माणूस हात दाखवतो, दारात हात घालतो, ड्रायव्हर थांबतो. पिढ्यान्पिढ्यांची सवय. लाइट रेलचं दार असं वागत नाही. मध्ये काही आलं की ते उघडतं, पुन्हा मिटायला बघतं. कुणी जोर लावून ते धरून ठेवलं तर यंत्रणा त्याला बिघाड समजते. एका दाराचा बिघाड असेल तर अख्खी गाडी हलत नाही, सुरक्षेसाठी तसंच हवं. मग चालकाने केबिनमधून निघायचं, जवळपास शंभर मीटर लांब गाडीत गर्दीतून वाट काढत त्या दारापर्यंत जायचं, दार तपासून बाजूला काढायचं, परत यायचं आणि नियंत्रण कक्षाची परवानगी घ्यायची. तेवढा वेळ मागची गाडी थांबलेली, तिच्या मागचीही थांबलेली, कारण प्रत्येक दिशेला एकच मार्ग आहे आणि ओलांडून पुढे जायला जागा नाही. बसचं एक दार अडलं तर एक बस अडते. इथे एका दाराने पूर्ण मार्ग अडतो आणि मग सगळ्या स्थानकांच्या जिन्यांवर तीच माणसं साचतात, जी आधीच बसची वाट बघत होती.

दारं धरू नका, असं प्रवाशांना बजावण्यात आलं. सूचना योग्य होती, पण ज्या मार्गाला रोज हजारो माणसांना सामावायचं आहे त्याला माणसांच्या सवयीही सामावता यायला हव्यात. पुढे दारांची रचना आणि ती बिघडल्यावर करायची कृती यांत सुधारणा करून हा त्रास बराच कमी केला गेला. म्हणजे उपाय यंत्रणेतच होता. पण ‘चूक तुमची’ हे शब्द लोकांच्या कानात राहिले.

मग हिवाळा आला. घासून चाकांवर सपाट चट्टे पडले, बर्फाने रुळांचे सांधे अडले, छपरावरच्या विद्युत उपकरणांत ओल आणि मीठ जाऊन बिघाड झाले, जानेवारी 2020 मध्ये वरची वीजवाहक तार तुटली. गाड्या कमी पडल्या की फलाटावर गर्दी, आणि पार्लमेंट व रिडो या भूमिगत स्थानकांत गटाराचा वास. या वासाचा सेवेच्या टक्केवारीशी काही संबंध नव्हता, पण रोज त्या वासातून जाणाऱ्या माणसाच्या मतात त्याला जागा होती. मार्च 2020 मध्ये शहराने कंत्राटदार गटाला करारभंगाची नोटीस दिली. त्याच महिन्यात कोरोनाची टाळेबंदी आली, केंद्र सरकारचे कर्मचारी घरून काम करू लागले आणि फलाट ओस पडले. 2019 मध्ये ओसी ट्रान्सपोवर साडेनऊ कोटींहून जास्त प्रवास झाले होते. ती पातळी 2024 पर्यंतही परत आली नव्हती. कोरोना हे त्याचं मोठं कारण आहे हे मान्य. पण घरी बसलेल्या माणसाला परत बोलवायचं तर त्याच्याकडे एखादी चांगली आठवण असायला हवी. इथे शेवटची आठवण टनीज पाश्चरच्या जिन्याची होती.

54 दिवस

8 ऑगस्ट 2021 ला टनीज पाश्चरजवळ एका गाडीच्या धुऱ्यावरचं बेअरिंग निकामी होऊन चाक रुळावरून उतरलं. सेवा थांबली, तपासण्या झाल्या, पुन्हा सुरू झाली. 19 सप्टेंबरला ट्रेम्ब्ले स्थानकाच्या परिसरात दुसरी गाडी घसरली. ही जास्त भयंकर होती. घसरलेला डबा रुळांच्या बाजूने फरपटत गेला, वाटेतल्या सिग्नलच्या साहित्यावर आदळला आणि मग गाडी थांबली. रविवार होता, गाडीत मोजकीच माणसं होती आणि कुणाच्या जिवावर बेतलं नाही. कारण शोधलं तेव्हा जे दिसलं ते अंगावर काटा आणणारं होतं : पहिल्या अपघातानंतरच्या दुरुस्तीत गिअरबॉक्सचे बोल्ट नीट आवळलेच गेले नव्हते. एका अपघाताच्या दुरुस्तीतून दुसरा अपघात.

मार्ग 54 दिवस बंद राहिला, 12 नोव्हेंबरला सुरू झाला. त्या काळात आर-1 नावाची बदली बस धावली. डिसेंबरमध्ये महिनाभर सगळी सेवा मोफत ठेवली गेली. मोफत महिना ही चांगली भावना होती. पण पासाचे पैसे परत मिळाल्याने माणूस पुन्हा गाडीत बसायला तयार होत नाही. बोल्ट आवळले गेलेत की नाही हे त्याला कळायला हवं असतं, आणि ते सांगणाऱ्यावर विश्वास ठेवता यायला हवा असतो. ओटावात नेमकी तीच गोष्ट संपत आली होती.

98 चे 96

नोव्हेंबर 2021 मध्ये ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने जाहीर चौकशीची घोषणा केली. न्यायमूर्ती विल्यम हुरिगन आयुक्त होते. 2022 च्या उन्हाळ्यात साक्षी झाल्या, त्याआधी नागरिकांसाठी वेगळ्या सभा घेतल्या गेल्या. 30 नोव्हेंबर 2022 ला अहवाल आला : 664 पानं, 103 शिफारशी.

चौकशीतला जो भाग लोकांच्या मनाला सगळ्यात जास्त लागला, तो रुळांचा नव्हताच. तो एका टक्केवारीचा होता. गाड्या लोकांसाठी खुल्या करण्याआधी जुलै-ऑगस्ट 2019 मध्ये 12 दिवसांची चाचणी घ्यायची होती. मूळ कसोटी अशी की ठरलेल्या किलोमीटरांपैकी 98 टक्के किलोमीटर गाड्यांनी प्रत्यक्ष कापायचे, आणि ते सलग 12 दिवस. चाचणीत गाड्या अडखळू लागल्या. मग कसोटी खाली आणली गेली : 96 टक्के, आणि तेही 12 पैकी चांगल्या 9 दिवसांत. गाड्या पास झाल्या. गर्दीच्या वेळी 15 गाड्या धावायच्या होत्या, त्या 13 केल्या गेल्या.

कसोटी बदलणं हाच गुन्हा, असं मी म्हणणार नाही. तांत्रिक कारणं असू शकतात. घात झाला तो पुढे. चाचणीच्या रोजच्या बातम्या महापौर जिम वॉटसन, वाहतूक समितीचे अध्यक्ष आणि मोजके वरिष्ठ अधिकारी यांच्या व्हॉट्सॲप गटात येत होत्या, पण ज्या सभागृहाने हा सगळा खर्च मंजूर केला त्यातल्या बाकी नगरसेवकांना त्या कळल्या नाहीत. सिटी मॅनेजर, म्हणजे महापालिकेचे सर्वोच्च प्रशासकीय अधिकारी, स्टीव्ह कॅनेलॅकोस यांनी हे बदल सभागृहापासून जाणूनबुजून दडवले, आणि तो लोकांच्या विश्वासाचा गंभीर भंग होता, असा ठपका आयोगाने ठेवला. अहवाल यायच्या दोन दिवस आधी त्यांनी राजीनामा दिला होता. कंत्राटदार गटालाही आयोगाने सोडलं नाही. पाळता येणार नाहीत हे ठाऊक असूनही त्यांनी कामाच्या तारखा दिल्या होत्या.

मला या टक्केवारीत आणखी एक गोष्ट खुपते. 98 असो की 96, मोजलं जात होतं काय? गाडीने कापलेले किलोमीटर. त्यात रविवारी सकाळी रिकाम्या गाडीने कापलेला किलोमीटर आणि मंगळवारी सकाळी आठ वाजता 600 माणसांना घेऊन कापायचा राहिलेला किलोमीटर यांचं वजन सारखंच. उतरल्यावर बस मिळाली का, हे त्या मापात कुठेच नाही. म्हणजे कसोटी 98 वर कायम राहिली असती आणि गाड्या सरळ मार्गाने पास झाल्या असत्या, तरी जिन्यावर काय होणार हे कुणाला कळलं नसतं. आयोगाने टक्केवारी कुणापासून दडवली ते उघड केलं. ती टक्केवारी प्रवाशाचा प्रवास दाखवतच नव्हती, हा मुद्दा प्रवासी पहिल्या आठवड्यापासून आपल्या भाषेत सांगत होते. त्यांनी ‘माझी बस चुकली’ म्हटलं की उत्तर यायचं, ‘गाड्या वेळेवर होत्या.’

लोकमत भावनिक असतं, आकडे वस्तुनिष्ठ असतात, अशी एक समजूत प्रशासनात खोल रुजलेली असते. ओटावात उलटं दिसलं. लोकांचं मत हेच जास्त पूर्ण मोजमाप होतं, कारण त्यात घरापासून कचेरीपर्यंतचं प्रत्येक मिनिट होतं. आकडा फक्त रुळांपुरता होता आणि तोही चाचणीच्या मध्यावर बदललेला.

दुसरी संधी

ऑक्टोबर 2022 च्या निवडणुकीत वॉटसन उभे राहिले नव्हते. मार्क सटक्लिफ महापौर झाले. जुलै 2023 मध्ये तपासणीत एका धुऱ्याच्या बेअरिंगमध्ये दोष दिसला. या वेळी गाडी घसरायची वाट न बघता पूर्ण मार्ग थांबवला गेला आणि 28 दिवसांनी, 14 ऑगस्टला, पूर्ववत झाला. प्रवाशाच्या दृष्टीने ही आणखी चार आठवड्यांची गैरसोयच होती. तरी 2021 शी तुलना केली तर फरक मोठा आहे. तेव्हा अपघाताने सेवा थांबवली होती, आता माणसांनी.

खरा फरक दिसला तो दुसऱ्या मार्गाच्या वेळी. जुनी डिझेल ओ-ट्रेन वाढवण्यासाठी मे 2020 मध्ये बंद केली होती. ती 2022 मध्ये परत यायची होती, आली 6 जानेवारी 2025 ला. एवढा उशीर झाला तरी या वेळी घाई केली गेली नाही. चाचणी 21 दिवसांची ठेवली आणि तिचे निकाल लोकांसमोर मांडले गेले. सुरुवात आठवड्याचे पाच दिवस, मग शनिवार जोडला, मग मार्चमध्ये रविवार. ज्या दिवशी गाडी नाही त्या दिवशी बस. 2019 मध्ये तीन आठवड्यांनी पायाखालची पायरी काढून घेतली होती, इथे एकेक पायरी वाढवत नेली. पाच वर्षं बदली बसने फिरलेल्या दक्षिण ओटावातल्या लोकांना याहून जास्त देणं लागत होतं. पण निदान त्यांना फसवलं गेलं नाही.

मग 27 एप्रिल 2025 ला बसचं जाळंच नव्याने आखलं गेलं. केंद्र सरकारचे कर्मचारी तेव्हा आठवड्यातून काही दिवसच कचेरीत यायचे, त्यामुळे सकाळी मध्यभागाकडे आणि संध्याकाळी उलट अशी जुनी भरती-ओहोटी राहिली नव्हती. नव्या आखणीत उपनगरांतल्या आतल्या प्रवासाला, बाजार, शाळा, दवाखाना, जवळचं रेल्वे स्थानक यांना जास्त जागा दिली आहे. तर्क पटण्यासारखा आहे. पण हे जाळं आधीपेक्षा जास्त ठिकाणी गाडी बदलायला लावतं, म्हणजे पुन्हा सगळा भार जोड मिळण्यावर येतो. आणि तेव्हा ओटावाचा बसताफा म्हातारा झालेला होता, विजेच्या नव्या बस ठरल्यापेक्षा सावकाश येत होत्या आणि आयत्या वेळी फेऱ्या रद्द व्हायच्या.

पहिल्या आठवड्यांत लोकांनी तक्रारी केल्या त्या याच : बस आली नाही, आली ती भरून पुढे गेली, थेट जाणारी बस गेली आणि तिच्या जागी दोन आल्या ज्यांची एकमेकींशी गाठ पडत नाही. फेब्रुवारी 2019 च्या त्या आठवड्यात बसमध्ये बसून नगरसेवकांनी जे पाहिलं होतं, त्यापेक्षा यात नवं फार थोडं आहे. फक्त आता त्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला 664 पानांच्या अहवालात काय लिहिलंय तेही ठाऊक आहे.